पंगतीनंतरच्या तीन गोळ्या

सकाळचा अर्धा तास माझ्या मायला कोणी हाक मारायची नाही, हा आमच्या घरचा कायदा होता. चुलीवरचा भात लागो, मांजर मासोळीच्या टोपलीत तोंड घालो, दारात गिऱ्हाईक ताटकळो. माय सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, पाटावर बसलेली असायची आणि आपला उजवा पाय धूत असायची. बाबा चिडवायचे, "देवपूजेलेबी एवढा टाईम नाई लागत." माय मान वर न करता म्हणायची, "देवाची बोटं पुसा नाई लागत मनून."

तो पाय हत्तीपायाचा होता. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत डाव्याच्या दुप्पट, कातडी जाड आणि बोटांच्या मध्ये खोल चिरा. मला समजायला लागल्यापासून मी तो तसाच पाहत आले. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या आयांचा एक पाय जाड आणि एक बारीक असतो. शाळेत गेल्यावर कळलं की नसतो, आणि तेव्हा मला दुसऱ्यांच्या आयांचा राग आला होता.

आमचं गाव अड्याळजवळ. ढिवर मोहल्ला तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून, पंचवीस-तीस घरांचा. बाबा मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष होते. मनिराम अध्यक्ष म्हटलं की आजूबाजूच्या चार गावांत ओळख लागायची. पुरुष पहाटे तळ्यात उतरायचे आणि माय, रेवताबाई, टोपली डोक्यावर घेऊन अड्याळच्या बाजारात मासोळी विकायची. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. बाजारातली म्हातारी माणसं अजून त्यावरून तावातावानं बोलायची, जसं काही त्यांच्याच अंगणातून कोणी भिंत घातली होती. माय त्यांना म्हणायची, "जिल्हा तुटला तं तुटला, तुमी मरळ घेता का नाई ते सांगा."

मी आता भंडाऱ्याला राहते. घरात नळ आहे, फरशी आहे, मागचं अंगण नाही. आणि खरं सांगते, मला ते अंगण फार आठवतं. ओल्या मातीचा आणि लाल साबणाचा वास, पाटाखालून वाहत जाणारं फेसाचं पाणी, त्या पाण्यावर वाढलेली दोन टमाटरची झाडं. त्या झाडांच्या टमाटरची चटणी आम्ही खायचो आणि कोणालाही किळस वाटायची नाही. आज कोणाला सांगितलं तर नाक मुरडतील. मुरडू देत.

पण माय आधीपासून पाय धुवायची नाही. आधी तिला ताप यायचे. वर्षातून सात-आठ वेळा एकदम थंडी भरायची, पाय लालबुंद व्हायचा, जांघेत लिंबाएवढी गाठ यायची आणि माय चार-पाच दिवस खाटेवर. बाबांनी कोणता उपाय सोडला नव्हता. झाडपाल्याचा लेप झाला, मंतरलेला दोरा झाला, उकळत्या पाण्याचा शेक झाला. शेकानं तर कातडी सोलून निघाली. बाजार बुडायचा. प्रत्येक तापानंतर पाय थोडा आणखी जाड व्हायचा, आणि एक दिवस मायला उठताच येणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मग एका उन्हाळ्यात दीपमाला आली. ती अंगणवाडीची नवी सेविका होती, गावातल्या बौद्ध मोहल्ल्यातली, बावीस-तेवीस वर्षांची, सायकल जोरात चालवणारी. कुठून तरी दोन दिवसांचं शिबिर करून आली होती आणि तिला गावातला प्रत्येक हत्तीपाय पाहायचा होता. मायच्या समोर ती बसली आणि सरळ पायाला हात घालायला गेली. मायनं पाय मागे ओढला. आमच्यात लेकीच्या पाया पडतात. लेकीनं मायबापाच्या पायाला हात लावला तर मायबापाला पाप लागतं. मी किती वेळा तेल लावून देते म्हटलं असेल, मायनं एकदाही लावू दिलं नाही.

"मावशी, पाहू तं द्या."

"तूबी कोनाची तरी लेकच आहेस न वं."

दीपमालानं हात मागे घेतला. मग म्हणाली, "बरं. मंग तुमीच धुवा. मी सांगते, तुमी करा. तसंबी हे रोज मी येऊन थोडीच करून देनार आहे."

आणि तिनं सांगितलं. साधं पाणी, गरम नाही. साबण हातावर घासायचा, पायावर नाही. घासायचं नाही, चोळायचं नाही. बोटांच्या मध्ये कपड्याची वात करून ओल टिपायची, एक थेंब राहता कामा नये. चिरेत मलम. रात्री पायाखाली वीट आणि गोधडी. आणि दिवसातून दोन वेळा टाचा वर-खाली, शाळेतल्या कवायतीसारख्या.

माय सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "यानं पाय पहिलेसारखा होईन का?"

"नाई मावशी. पाय आता पहिलेसारखा नाई होनार."

"मंग कायले करू?"

"ताप नाई येनार. आनखी नाई वाढनार. बाजार नाई बुडनार. पन रोज करा लागंन, आनि तुमालेच करा लागंन."

मायचा त्या पोरीवर विश्वास बसला तो तिथं. आयुष्यभर बाजारात बसलेली बाई होती ती. आतापर्यंत आलेला प्रत्येक माणूस पाय पूर्ण बरा करून देतो म्हणाला होता. ही पहिलीच नाही म्हणाली.

तरी नुसत्या शब्दावर राहील ती माय कसली! तिनं जाळ्याच्या दोरीचा तुकडा घेतला, घोट्याभोवती गुंडाळला आणि जिथं टोकं भेटली तिथं गाठ मारली. दर पुनवेला मोजायची. दोरी खुंटीला टांगलेली असायची आणि तिला हात लावला की मार बसायचा. पावसाळा गेला, गाठ पुढे सरकली नाही. सगळ्या पावसाळ्यात ताप एकदाच आला, तोही लग्नाला जाऊन दोन दिवस पाय धुवायचा राहिला म्हणून. त्यानंतर तो अर्धा तास सोन्याचा झाला.

त्याच हिवाळ्यात सरकारच्या गोळ्या आल्या. हत्तीपाय होऊ नये म्हणून गावातल्या सगळ्यांनी खायच्या, मोठ्या माणसाला तीन. दीपमाला सकाळी घरोघर देत फिरली. जेवून खा, असं ती प्रत्येक दारात सांगत होती. पण आमच्या मोहल्ल्यात औषध अनशापोटी घेतात. झाडपाला वाटून द्यायचे तेव्हापासूनची ही रीत. पोट भरलेलं असलं तर औषध भातात बुडून जातं, असं माझे आजोबा सांगायचे. बाबा, त्यांचा जोडीदार खुशालकाका आणि आणखी दोघं तळ्यातून ओल्या अंगानं आले आणि पाळीवरच, पोटात कण नसताना, गोळ्या गिळून मोकळे झाले.

संध्याकाळपर्यंत चौघंही आडवे. बाबांना ताप, डोकं गरगर. खुशालकाका ओकून ओकून अर्धा झाला. दोन दिवसांनी बाबा उठले ते पाळीवर गेले आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "ह्या गोळ्या खराब आहेत. आपल्या मोहल्ल्यात कोनी खाचं नाई."

अध्यक्षाचा शब्द. पंचवीस घरच्या गोळ्या तळ्यात गेल्या, माझ्याही. आमच्या तळ्यातल्या मासोळ्यांना त्या वर्षी हत्तीपायाची भीती उरली नाही. तसेही त्यांना पाय नव्हतेच.

एकट्या मायनं त्याच सकाळी, भात खाऊन झाल्यावर, आपल्या तीन गोळ्या खाल्ल्या होत्या. तिला काहीच झालं नव्हतं. ही गोष्ट तिच्या डोक्यात रुतून बसली. मी तिची लेक, मला कळत होतं. टोपली भरता भरता मध्येच थांबायची आणि बाबांच्या पायांकडे पाहायची.

पुढच्या वर्षी दिवाळी तोंडावर आली आणि गोळ्या पुन्हा येणार असं दीपमाला सांगून गेली. त्या बाजारात मायनं टोपली लवकर रिकामी केली, भाव पाडून, जे ती कधी करायची नाही. मग मला घेऊन थेट आरोग्य केंद्रात गेली आणि रांगेत उभी राहिली. डॉक्टरसाहेब तरुण होते. पाय पाहून ते चिठ्ठी लिहायला लागले तर माय म्हणाली, "पायाचं नाई साहेब, पायाचं मी पाहून राहिली. मले एक विचारा लागते. मी गोळ्या खाल्ल्या तं मले काही नाई झालं. मालकानं खाल्ल्या तं त्यायले ताप आला. असं काहून?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला ते अजून दिसतं. मायला उलट प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटले होते, तिच्या प्रश्नासाठी पेन खाली ठेवणारा पहिलाच.

"उपाशीपोटी मळमळ होतेच," ते म्हणाले. "पण ताप आला असेल, तर बहुतेक त्यांच्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू आहेत, मावशी. डास चावून येतात. गोळीनं ते मरतात, आणि मेलेल्या जंतूंचा ताप येतो. तुमच्या रक्तात आता नसतील. तुमचं जे व्हायचं ते होऊन गेलं."

"मंग त्यायचा पाय?"

"आज चांगला आहे. पण एका वेळच्या गोळीनं सगळे जंतू मरत नाहीत. दर वर्षी खायला हवी. नाही खाल्ली तर पाच वर्षांनी, दहा वर्षांनी काय होईल ते मी सांगू शकत नाही."

घरी येताना धानकापणी सुरू होती, बांधावर ओळखीच्या बाया हाका मारत होत्या, मायनं एकीलाही ओ दिली नाही. गावाच्या वळणावर ती थांबली आणि मला म्हणाली, "तुह्या बापाच्या पायात अजून काही नाई. अजून."

त्या रात्री जेवताना तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि ताटातला भात चिवडत बसले. मग म्हणाले, "मीच आख्ख्या मोहल्ल्याले नोका खाऊ म्हनलो. आता मीच खाऊ? लोकं तोंडावर हासतीन माह्या."

"हासू द्या."

"तुले का समजते अध्यक्षाचं?"

माय भांडली नाही. माय भांडली नाही की मला धडकी भरायची.

दिवाळीनंतर आमच्याकडे वर्षातलं पहिलं मोठं जाळं पडतं. सगळा मोहल्ला पाळीवर जमतो, जाळ्याची पूजा होते आणि निघालेल्या मासोळीचा रस्सा-भात पाळीवरच शिजतो. अध्यक्षानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत ताटाला हात लावत नाही. वर्षातला हा एकच दिवस असा की आमच्यातली लहानथोर सगळी माणसं एका जागी, एका वेळी, पोट भरून बसलेली असतात. पोट भरून, हे मायनं हेरलं होतं. सरकारचा गोळ्यांचा दिवस दोन-चार दिवस पुढे-मागे होता, पण तिनं दीपमालाला सांगून ठेवलं, आमच्या मोहल्ल्यात त्याच दुपारी ये, आधी येऊ नको.

पंगत उठली. माणसं हात धुऊन पाळीवर टेकली, कोणी विडी पेटवली. दीपमाला सायकलला पिशवी लावून आली, तशी चार-पाच माणसं उठून चालायला लागली. तेवढ्यात माय वाढप सोडून खाली आली. पाण्याजवळ बाया कपडे धुतात तो दगड आहे, त्यावर पुरुषांकडे तोंड करून बसली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

मोहल्ल्यात तिच्या पायाचं सगळ्यांना माहीत होतं, पण पाहिला कोणी नव्हता. ती लुगडं घोट्याखाली सोडून चालायची. बाजारात टोपलीच्या आड बसायची. आता भर दुपारी, सगळ्या दिरा-सासऱ्यांपुढे, तो पाय उन्हात होता. पुरुषांनी माना खाली घातल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी सोळा-सतरा वर्षांची, मला वाटलं धावत जाऊन तिच्यावर चादर टाकावी.

"माना खाली नोका घालू," माय म्हणाली. "पाहा."

"वहिनी, झाका न जी," खुशालकाका म्हणाला.

"पंधरा वर्सं झाकला खुशाल, झाकून बरा नाई झाला. तुले मागच्या साली गोळीनं ताप आला होता न? मंग तू सगळ्यात पहिले पाहा. ज्याले ज्याले ताप आला त्याच्या रक्तात हे आहे. मी डाक्टरले विचारून आली. गोळी खराब नाई. आपलं रक्त खराब आहे."

सगळे आता पाय सोडून बाबांकडे पाहत होते. बाबांचा चेहरा काळा-निळा झाला होता. ते मायवर कधी हात उचलणारे नव्हते, पण उठून निघून जाणारे होते, आणि ते गेले असते तर मोहल्ला त्यांच्यामागे गेला असता. ते उठले. धोतर झटकलं. पाळीवरून खाली उतरून आले आणि दीपमालापुढे हात पसरला.

तिनं तीन गोळ्या मोजून दिल्या. बाबा मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "मागच्या साली उपाशीपोटी खाल्ल्या मनून त्या चढल्या. आज पोट भरून आहे." आणि गिळल्या.

यात अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं माय आत्ताच सांगून बसली होती. पण तिनं नुसतं लुगडं खाली घेतलं आणि दगडावरून उठली. नवऱ्याचं तोंड राखावं कसं, हे तिच्याकडून शिकावं. मला ते अजून जमत नाही. बाबांच्या मागे खुशालकाका आला, मग एकेक करून सगळे, पंगतीला बसावं तसे ओळीनं. दोन वर्षांखालची पोरं आणि पोटुशी बाई तेवढी दीपमालानं बाजूला काढली. मीही खाल्ल्या. कडू होत्या.

दिवेलागणीला बाबांना ताप चढला. मोहल्ल्यात सात जणांना चढला. बाया रागारागानं आमच्या दारात आल्या, आणि माय कशी वागली ते सांगितलं तर खरं वाटणार नाही. ती प्रत्येकीला हसून विचारत होती, "आला का ताप? चांगला भरला का?" लेक पास झाल्यासारखी विचारत होती. "मरून राहिले ते आतमधले. मरू दे. पेज पाज त्याले, कपाळावर ओला कपडा ठेव, दीपमाला तापाची गोळी घेऊन येऊन राहिली." सातही घरी ती स्वतः जाऊन आली, तो जाड पाय ओढत. खुशालकाकाच्या बायकोनं तिला शिव्या दिल्या, त्याही तिनं हसत घेतल्या.

मग घरी येऊन बाबांच्या खाटेजवळ बसली. बाबा कण्हत होते. पांघरूण सरकून त्यांचे दोन्ही पाय उघडे पडले होते. काळे, काटकुळे, तळ्याच्या पाण्यानं तडकलेले, अगदी एकसारखे. माय त्या पायांकडे पाहत राहिली. तिनं घोट्याला हात लावला, एकाला, मग दुसऱ्याला. आणि ती रडायला लागली. तापानं फणफणताना जी कधी रडली नाही, ती तोंडात पदर कोंबून रडत होती. मी चुलीजवळ होते. उठावं की बसावं, मला कळेना.

बाबांनी डोळे उघडले. "काय झालं वं? माहे पाय गेले का?"

"नाई. वाचले."

"मंग काहून रडून राहिली?"

मायनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "तीनच गोळ्या होत्या जी. माह्या वक्ती कोनी आनून देल्या असत्या तं?"

बाबांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि मायच्या त्या पायावर ठेवला. ताप उतरेपर्यंत तो हात तिथंच होता.